पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय: होज, सील किट की नवा रॅक?

जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ किंवा इंडिका नागपूरच्या बर्डीच्या गर्दीत वळवताना घुरघुरायला लागली आणि घरी गाडीखाली लालसर-तपकिरी डाग दिसला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, रॅक गेला." रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा, आत दांडा असलेला भाग. कधी ते खरंही असतं. पण गळती नेमकी कुठून आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका, कारण खर्च काही शे रुपयांत आटोपेल की हजारोंत जाईल, हे त्यावरच ठरतं.

आधी खालचा भाग नीट धुऊन, वाळवून घ्या. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगा. टोकाला दाबून मात्र धरू नये, पंपावर सगळा ताण येतो. दुसऱ्याने टॉर्च घेऊन होजचे (ऑइलच्या पाइपांचे) जोड, पंप आणि रॅकची टोकं बघावीत. रॅकच्या टोकांना रबरी बूट असतात. त्यांची क्लिप काढल्यावर आतून ऑइल आलं, तर रॅकचं सील (ऑइल आत अडवणारी रबरी रिंग) गेलंय. बूट कोरडे असतील, तर खालचं ऑइल बहुधा वरून कुठूनतरी ओघळलेलं असतं.

गळती होजची किंवा जोडाची असेल, तर विचार करायचं कारणच नाही, लगेच करून घ्या. रिटर्न होजला दाब कमी असतो, तिथे नवा पाइप आणि चांगली क्लिप पुरते. प्रेशर होजचं तसं नाही. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवताना दाब फार वाढतो, त्यामुळे साधा रबरी पाइप क्लिपने आवळून चालत नाही. तयार होज घ्या किंवा योग्य दर्जाच्या पाइपला टोकांचे जोड मशीनवर दाबून बसवून घ्या. जोडाचे वॉशर नवेच टाका. आपल्याकडे रबर लवकर कडक होतं. 23 मे 2013 ला नागपूरचं तापमान 47.9 अंशांवर गेलं होतं, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी.

पंपाच्या शाफ्टचं सील गळत असेल, तर आवाज ऐका. पंप शांत असेल तर सील बदलणं परवडतं. पातळी भरूनही ओरडत असेल, तर पंपच बदला.

खरी अडचण रॅकची आहे. सील किट नव्या रॅकपेक्षा खूपच स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण किट टिकणार की नाही हे आतल्या दांड्यावर ठरतं. रॅक उघडल्यावर तो दांडा स्वतः बघा, नखाने चाचपून बघा. गुळगुळीत असेल तर किट टाका, माझं मत स्पष्टपणे त्याच बाजूने आहे. बूट फाटून आत पाणी-माती गेली असेल आणि दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नवं सील त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत परत गळेल. त्या वेळी नवा किंवा वॉरंटीचा रिकंडिशन्ड रॅक घ्या. रिकंडिशन्डमध्ये दांडा पॉलिश केलाय की नुसतं सील बदललंय, हे विचाराच. भंगारातला रॅक मी घेणार नाही, तो कधी गळेल याची कुणीच हमी देत नाही.

गळती थांबवणारं बाटलीतलं औषध जुनं सील थोडं फुगवतं. बारीक पाझर असेल तर काही काळ ढकलता येतो, फुटलेल्या होजवर त्याचा उपयोग नाही. नुसतं ऑइल भरत राहणं त्याहून वाईट. एखाद्या दिवशी लक्ष राहिलं नाही की पंप कोरडा चालतो, धातूचा चुरा रॅकपर्यंत जातो आणि दोन्ही बदलावे लागतात. ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आग लागण्याचा धोका असतो. ब्रेक ऑइल चुकूनही भरू नका, सील खराब होतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल घ्या.

काम कुठलंही निवडा, शेवटी हवा काढून घ्या. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत पातळी भरायची. ऑइलच्या डब्यात फेस दिसला तर हवा अजून आहे. रॅक उतरवला असेल तर व्हील अलाइनमेंटही त्याच हिशेबात धरा.

गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील आणि पुन्हा आरटीओ पासिंग करायचं नसेल, तर नव्या रॅकवर पैसे घालू नका. दांडा चांगला असेल तर किट, नाहीतर वॉरंटीचा रिकंडिशन्ड. पण त्याच गाडीने समृद्धी महामार्गावरून वर्षातून दोन-चारदा शिर्डी-मुंबई करायची असेल आणि दांडा खराब निघाला, तर नवाच घ्या.