कारचा एसी कंप्रेसर घरी बदलला: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये सिडकोतल्या आमच्या पार्किंगमध्ये मी आणि मेहुण्याने जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा एसी कंप्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलला. आता गणपतीही उरकले. नाशिकचा मे महिना आणि कसारा घाटाच्या खेपा त्याने काढल्यात, म्हणून आता लिहितो.

गाडी पळत असताना डॅशबोर्डच्या मधल्या जाळीपाशी थर्मामीटर ८-९ अंश दाखवतो. भर दुपारी द्वारका चौकात अडकलो की १३-१४. यात कंप्रेसरचा दोष नाही. गाडी उभी असली की कंडेन्सरला (गॅस थंड करणारी पुढची जाळी) हवा मिळते ती फक्त पंख्याची. जुलैत त्र्यंबकच्या रस्त्याला काचेवरची वाफ लगेच जायची. कंप्रेसर बाजारातला नवा, पण मूळ कंपनीचा नाही. किमतीत जवळपास निम्म्याचा फरक. कंप्रेसरच्या पुलीतला क्लच लागताना ‘टक’ आवाज आधीपेक्षा मोठा येतो, मात्र तो वाढलेला नाही.

घरी करायचं धाडस केलं कारण जुना जाम झालेला नव्हता. त्याचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचं सील) गळत होतं. पुलीमागे तेलकट धूळ साचायची आणि दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागायचा. जाम झालेला कंप्रेसर धातूचा चुरा सगळ्या लाइनमध्ये सोडतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की फ्लश मारूनही तो नीट निघत नाही, आणि नवा कंप्रेसर त्याच चुऱ्याने जातो. म्हणून जुन्यातलं तेल आधी पांढऱ्या वाटीत ओतून बघा. स्वच्छ असेल तर पुढे जा. करडं, चमचमणारं निघालं तर कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हचाही (गॅसचा दाब उतरवणारी झडप) खर्च धरा आणि गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.

ते तेल मोजायचंही असतं. नव्यात बहुतेक वेळा तेल भरूनच येतं; ते जास्त झालं तर कूलिंग कमी होतं. आम्ही जुन्यातून निघालं तेवढं, अधिक गळतीत गेलेलं आणि ड्रायरसाठीचं (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) थोडं, असा हिशेब धरून उरलेलं काढून टाकलं. कंप्रेसरमधलं हे पीएजी तेल हवेतला ओलावा ओढतं. पाईप जोडायच्या क्षणापर्यंत कंप्रेसरची टोपणं उघडी ठेवू नका. ड्रायर आणि ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) नव्याच घ्या.

बाकी बेल्ट, वायरचा सॉकेट, दोन पाईप, चार बोल्ट. खालच्या बोल्टने हात सोलले, इतकंच. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

गॅसचं काम मात्र दोन्ही वेळा सातपूरच्या एसीवाल्याकडे. आर१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, हवेत सोडायचा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो, आणि हाता-डोळ्यावर उडाला तर इजा वेगळीच. त्यांच्या मशीनने आधी गॅस काढून घेतला, गाडी एसी बंद ठेवून घरी आणली. बसवून झाल्यावर पुन्हा तिकडे: अर्धा-पाऊण तास व्हॅक्युम (लाइनमधली हवा खेचून काढणं), तो टिकतो का ते बघणं, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस. ‘हाताला गार लागेपर्यंत भरू’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून गाडी परत फिरवा.

दुकानदार वॉरंटी देताना ड्रायरचं आणि गॅस भरल्याचं बिल मागतो. दोन्ही बिलं पक्की घ्या.