आजारी मुलाच्या व्हिडिओवर पैसे मागतायत? देण्याआधी आमचं काय झालं ते वाचा

माझ्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार. आम्ही काही पालक मिळून एक ग्रुप चालवतो, त्यातून व्हीलचेअर, फिजिओथेरपी, रात्री श्वासासाठी लागणारं बायपॅप मशीन अशा गोष्टींसाठी मदत गोळा होते, आणि ७ सप्टेंबरला जागतिक ड्यूशेन दिन असतो तेव्हा माहितीचे व्हिडिओ टाकतो (या आजारात बिघडतो त्या डिस्ट्रॉफिनच्या जीनमध्ये ७९ एक्सॉन म्हणजे तुकडे असतात, म्हणून ७/९ ही तारीख).

याच ग्रुपमध्ये एक माणूस आला, भाच्याला हाच आजार आहे म्हणाला. सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारा रक्तातला घटक) किती होतं, स्टिरॉइड कुठलं चालू आहे, कितवा एक्सॉन डिलीट म्हणजे गायब आहे, सगळं तोंडपाठ. बाहेर प्रत्येकाला अगदी पहिल्यापासून समजावत बसावं लागतं हो, त्यामुळे आपली भाषा बोलणारा कुणी भेटला की जीव भांड्यात पडतो. पोस्टर, व्हिडिओ फुकट करून देतो, कॅम्पेनचं पेजही मीच सांभाळतो म्हणाला आणि मूळ व्हिडिओ अन् मुलांचे रिपोर्ट घेऊन गेला.

त्यात माझ्या मुलाचा एक व्हिडिओ होता. जमिनीवरून उठताना तो आधी दोन्ही हात खाली टेकतो, कंबर वर उचलतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगाला धरत धरत उभा राहतो. याला गॉवर्स साइन म्हणतात. मुद्दाम दिलेला तो व्हिडिओ, कारण लहान मुलगा असा उठताना दिसला तर कुणीतरी किमान सीपीकेची रक्ततपासणी करून घेईल, नाहीतर "मुलगे जरा आळशीच असतात" म्हणत वर्षं निघून जातात.

पुढे पेजवरचा क्यूआर कोड गुपचूप बदलला गेला. पैसे का येत नाहीत विचारलं तर म्हणे सध्या लोक देत नाहीत. आणि मग एका नातेवाइकाने स्क्रीनशॉट पाठवला. तोच व्हिडिओ, माझा मुलगा, नाव भलतंच, आजार एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, स्नायूंचाच पण वेगळा जनुकीय आजार) लिहिलेला, आणि "२१ लाख डॉलरचं इंजेक्शन ४८ तासांत मिळालं नाही तर बाळ वाचणार नाही".

बघा, एसएमएचं ते महागडं इंजेक्शन खरंच आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २ वर्षांखालच्या मुलांसाठी, एकदाच देतात, आणि जितकं लवकर दिलं तितकं बरं हेही खरं. पण तो बिघाड एसएमएन१ जीनचा, ड्यूशेनचा जीन वेगळा, तिथे या इंजेक्शनचा काही संबंधच नाही. आणि व्हिडिओतला मुलगा स्पष्ट शाळेत जाणाऱ्या वयाचा. एवढंच काय, पुरावा म्हणून खाली जो रिपोर्ट लावलेला त्यात मुलाचं नाव पुसलंय पण डीएमडी जीनचं, म्हणजे ड्यूशेनच्याच जीनचं, डिलीशन तसंच दिसतंय!! कमेंटमध्ये एका बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं, त्यांना ब्लॉक केलं.

ज्यांनी पैसे दिले त्यांचा राग येत नाही मला, मुलाला बघून कळवळूनच दिले ना. राग याचा येतो की त्यानंतर ग्रुपमधल्या एका खऱ्याखुऱ्या एसएमएच्या बाळासाठी आवाहन केलं तेव्हा लोक विचारायला लागले, हेही तसलंच का? त्या आईने काय उत्तर द्यायचं सांगा.

म्हणून हात जोडून सांगते, आजाराचं पूर्ण नाव, मुलाचं वय आणि मागितलेलं औषध यांचा मेळ बसतो का बघा. हॉस्पिटलला फोन करा, पण पोस्टमधल्या नंबरवर नको, नंबर स्वतः शोधून. जमत असेल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा. तासांची मुदत घालून घाई करणारा दिसला की तिथेच थांबा, आणि पालकांनो, रिपोर्ट देताना त्यावर आडवं "फक्त अमुक कामासाठी" असं लिहूनच द्या, व्हिडिओवर मधोमध ग्रुपचं नाव टाका, कोपऱ्यातलं नाव कापून टाकतात.

सायबर पोलिसांत तक्रार दिलीय, बँकेला कळवलंय, एक पेज बंदही झालं पण तोच व्हिडिओ नव्या नावाने परत फिरतोय. निळा टीशर्ट घातलेला मुलगा जमिनीवरून उठतोय आणि खाली पैशाचं आवाहन, असं काही दिसलं तर ते आमचं नाही, लगेच रिपोर्ट करा, आणि पैसे दिले असतील तर आजच्या आज बँकेला कळवून व्यवहाराचा स्क्रीनशॉट पोलिसांत द्या, जितक्या जास्त तक्रारी जातील तितकं ते खातं लवकर गोठवलं जाईल.