उशिरा पोहोचणारा कला विभाग: एका बातम्यांच्या ॲपचा वर्षभराचा अनुभव

गेले वर्षभर मी एका बातम्यांच्या ॲपचा वर्गणीदार आहे. क्रीडा आणि कला हे दोन विभाग वाचायला मिळावेत, एवढ्याचसाठी वर्गणी भरली होती. आता मुदत संपत आली आहे.

क्रीडा विभागाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आदल्या दिवशी संभाव्य संघ, सामना चालू असताना धावता वृत्तान्त, संपल्यावर तासाभरात विश्लेषण आणि दुसऱ्या दिवशी वादग्रस्त निर्णयाची चर्चा, अशा रीतीने एकच सामना तिथे तीन दिवस पुरतो. एखाद्या खेळाडूच्या पोटरीचा स्नायू दुखावला तरी फोनवर सूचना येते. लिहिणारेही जाणकार आहेत. बचावफळी नेमकी कुठे विस्कळीत झाली हे ते आकृती काढून समजावतात.

कला विभाग मात्र शोधावा लागतो. ‘जीवनशैली’ या सदरात, राशिभविष्य आणि प्रवासाच्या लेखांच्याही खाली तो सापडतो. तिथे एकदा जलरंगांच्या प्रदर्शनाचे परीक्षण वाचले. चित्रकाराने कागद कुठे कोरा ठेवला आहे आणि त्या कोरेपणातूनच पाण्यावरचा उजेड कसा उमटतो, यावर त्यात दोन परिच्छेद होते. इतके बारकाईने पाहणारे लेखन वर्तमानपत्रांत क्वचितच मिळते. पण तळाशी दिलेल्या तारखा पाहिल्या, तर प्रदर्शन दोन दिवसांपूर्वीच संपलेले होते. लेख वाचून ज्याला उठून जावेसे वाटावे, त्याला जायला जागाच उरली नव्हती. याचे मला आजही वाईट वाटते.

असे का होते, याचा वर्षभर विचार केला. खेळाला ठरलेली वेळ असते आणि आकड्यांत सांगता येणारा निकाल असतो, म्हणून त्याची बातमी आपोआप तयार होते. नाटकाचा पन्नासावा प्रयोग पहिल्यापेक्षा सरस झाला, तरी तो कोणत्या मथळ्यात बसवायचा हे संपादकाला ठरवावे लागते. म्हणून कलेची मोठी बातमी होते ती बहुधा चोरीमुळे किंवा किमतीमुळे. १९११ साली पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातून ‘मोना लिसा’ चोरीला गेली, तेव्हा तिची रिकामी जागा पाहायला लोकांनी गर्दी केली होती. या ॲपवरही वर्षभरात कलेविषयी ज्या दोन सूचना आल्या, त्या दोन्ही लिलावाच्या होत्या.

दुसरे कारण पैशाचे आहे. थेट प्रक्षेपणाचे हक्क ज्या वाहिनीने मोठी रक्कम देऊन विकत घेतलेले असतात, ती त्या स्पर्धेची चर्चा आठवडाभर आधीपासून पेटती ठेवते. चित्रप्रदर्शनाचे असे हक्क कोणी विकत घेत नाही, त्यामुळे त्याचा गाजावाजा करण्यात कोणाचाच पैसा अडकलेला नसतो.

तरीही, लोकांना खेळच हवा असतो, हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत १९०३ साली ‘लोतो’ या वृत्तपत्राने स्वतःचा खप वाढवण्यासाठी सुरू केली. म्हणजे तिथे आधी वृत्तपत्राची गरज होती, शर्यत नंतर आली आणि वाचकांची गोडी रोजच्या वार्तांकनाने वाढत गेली. कलेलाही गुण आणि पदके द्यावीत असे मात्र मी म्हणणार नाही. ऑलिम्पिकमध्ये १९१२ ते १९४८ या काळात वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्रकला आणि शिल्पकला यांनाही पदके दिली जात. ती पद्धत पुढे बंद झाली आणि आज ती फारशी कोणाला आठवतही नाही. कलेच्या वार्तांकनाला हवी आहे ती क्रीडा विभागाची शिस्त: आगामी कार्यक्रमांची तारीखवार यादी, तालमीच्या वा मांडणीच्या दिवसांतला एखादा लेख, आणि प्रेक्षकाला जाता येईल अशा वेळी छापलेले परीक्षण. जलरंगांवरचा तोच लेख पहिल्या आठवड्यात आला असता, तर त्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता.

ही मागणी मी ॲपच्या ग्राहक विभागाला लिहून कळवली. सूचनांच्या यादीत कला हा विषय सध्या उपलब्ध नाही, असे नम्र उत्तर चार दिवसांनी आले. त्याच यादीत खेळांचे एकोणीस प्रकार आहेत.

केवळ खेळासाठी ॲप घेणाऱ्यांनी ते निःशंकपणे घ्यावे. कलेसाठी घेणाऱ्यांनी वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. मी या वेळी तीनच महिन्यांची भरली आहे, आणि जलरंगांवर लिहिणाऱ्या त्या समीक्षकांना स्वतंत्र पत्र पाठवून पुढच्या प्रदर्शनाची तारीख आधी कळवण्याची विनंती केली आहे.