‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’: एका काटेवाल्याचा अभिप्राय

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर 80 रुपयांत जुनी प्रत मिळाली. छपाई बारीक, बाइंडिंगचा डिंक वाळलेला. माझं इंग्रजी बेताचं, त्यात या कादंबरीतली माणसं अमेरिकेतल्या ओक्लाहोमाकडची खेडवळ बोली बोलतात. पहिली शंभर पानं जीव काढतात. मग मी अडलेलं वाक्य मोठ्यानं वाचायला लागलो. आपली वऱ्हाडी कागदावर परक्याला कळत नाही, कानाला कळते, तसंच हेही.

जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी 1939 सालची. त्यातलं जोड आडनावाचं कुटुंब कुळानं शेती कसणारं. धुळीनं पिकं गेली, जमीन बँकेकडे गेली, अन् घर पाडायला ट्रॅक्टर घेऊन आला तो ओळखीतल्याचाच पोरगा, तीन डॉलर रोजावर. मग जुन्या हडसन गाडीचा ट्रक करून सगळे 66 नंबरच्या रस्त्यानं कॅलिफोर्नियाला. तिकडे माणसं पाहिजेत म्हणून पत्रक हाती आलेलं. पत्रकं गरजेच्या कितीतरी पट छापलेली, म्हणजे गर्दी होते अन् मजुरी आपोआप उतरते.

पण मला अडकवलं 27व्या प्रकरणानं. कापूस वेचणी. मी बारा वर्षं एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर होतो, तेव्हा हे प्रकरण मी ग्राहक म्हणून नाही, आरोपी म्हणून वाचलं असं समजा. शंभर पौंड वेचले की मजुरी 80 सेंट; दुसऱ्या वेचणीला बोंडं कमी म्हणून 90. आपल्याकडेही शेवटच्या वेचणीला किलोचा भाव चढतो, कारण तोच. पण तिथं वेचायची पिशवी मजुरानं एक डॉलरला घ्यायची! मी हिशेब केला: डॉलर फिटायला सव्वाशे पौंड, म्हणजे 57 किलोच्या आसपास कापूस. दिवसभर वाकूनही तेवढा होईलच असं नाही.

शेजारच्या काकू ओटी बांधून वेचायला जातात. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “थैलीचे पैसे मजुरालेच? मंग थे गोटे नाई टाकतीन त काय करतीन?” पुस्तकात नेमकं तेच आहे. मालकाचा काटा खोटा म्हणून मजूर पिशवीत दगड घालतो, मजूर दगड घालतो म्हणून मालक वजन तोडतो. कधी हा खरा, कधी तो, कधी दोघंही खोटे. आमच्या काट्यावर ओलाव्याच्या नावानं कट्टी, म्हणजे वजनात कपात, लागायची. किती कापायची, हे काट्याआधी शेठच्या भुवईवर ठरायचं. मी आकडा लिहायचो. काकूंना हे सांगितलं नाही.

एक तक्रार. मधली प्रकरणं, जिथं कुणाचीच गोष्ट नसते, ती काही ठिकाणी भाषणासारखी लांबतात. मी दोन चाळून टाकली. अन् या घरानं एकदम उठणं आपल्याला जरा परकं वाटतं. आजोबा यायला तयार नाहीत म्हणून कॉफीत गुंगीचं औषध घालून त्यांना ट्रकमध्ये चढवतात, अन् पहिल्याच मुक्कामाला ते वारतात. आपल्याकडे म्हाताऱ्याला घर राखायला मागं ठेवतात. पोरगा पुण्याला कंपनीत, सून माहेरी, सातबारा मात्र गावातच, त्याच नावावर. तिकडून जमीन सुटते, इकडे माणूस सुटतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीतल्या एकनाथचं घर कुठं जात नाही, जागच्या जागी फाटतं, त्या फाटण्याची सवय असलेल्याला हा ट्रक जवळजवळ सुखाचा वाटेल. निदान सगळे एका गाडीत आहेत.

पाचापैकी चार. एक कापला तो भाषणांसाठी, ओलाव्यासाठी नव्हे.

27वं प्रकरण डिंकातून सुटून आलंय, रबर लावून ठेवलंय. कुणाला वाचायचं असेल तर घरून घेऊन जा, पण मृगाच्या आत परत करा. माझं छप्पर गळतं.