निकॉन डी८५० : ४५ मेगापिक्सेल हाताळायचे तर

डी८५० हातात आल्यावर पहिल्या आठवड्यातली तक्रार जवळजवळ ठरलेली असते: एवढा भारी कॅमेरा, पण फोटो संगणकावर १०० टक्के मोठा केला की सॉफ्ट दिसतो. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काहीच बिघाड नसतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एका पिक्सेलची रुंदी साधारण ६ मायक्रॉन असते, डी८५० मध्ये ती ४.३५ मायक्रॉन आहे. हात तेवढाच हलला तरी तो हलका धक्का इथे जास्त पिक्सेलवर पसरतो, आणि १०० टक्क्यांवर तोच फोटो आपण आधीपेक्षा कितीतरी मोठा करून पाहत असतो. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच आकारात छापले तर डी८५० चा फोटो मागे पडत नाही. पण जास्तीच्या पिक्सेलचा फायदा हवा असेल, तर फोटो काढायच्या सवयी बदलाव्या लागतात. हे परीक्षण मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी कॅमेऱ्याची ओळख. ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या बॉडीत ४५.७ मेगापिक्सेलचा बॅक-साइड इल्युमिनेटेड (तारा मागे ठेवून जास्त प्रकाश घेणारा) सेन्सर आहे. त्यावर लो-पास फिल्टर (तपशील किंचित धूसर करणारी काच) नाही, त्यामुळे बारीक तपशील जास्त टोकदार येतो, मात्र बारीक विणीच्या कापडावर कधीकधी मोआरेच्या रंगीत लहरी दिसतात. पूर्ण फोटो ८२५६ बाय ५५०४ पिक्सेलचा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सुमारे २७.५ बाय १८.३ इंचाचा प्रिंट. आकडा दुप्पट दिसतो म्हणून प्रिंटही दुप्पट रुंद होईल, असं मात्र समजू नये. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते, त्याच्या तुलनेत ही वाढ १.३८ पट आहे. खरा फायदा क्रॉप करताना होतो. डीएक्स क्रॉपवरही (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरूनही) १९.४ मेगापिक्सेल हातात राहतात, आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

माझ्या मते या सेन्सरची सर्वांत मोलाची गोष्ट पिक्सेल नसून मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४ ही आहे. आयएसओ १०० च्या मानाने सेन्सर सुमारे दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश साठवतो, त्यामुळे सावलीचा भाग नंतर उजळला तरी नॉइज फार कमी दिसतो. आकाश आणि जमीन यांत खूप फरक असेल तर हायलाइट-वेटेड मीटरिंग (उजळ भाग जळू नये अशी प्रकाशाची मोजणी) लावून आकाश वाचवावं आणि जमीन रॉ (सेन्सरची कच्ची माहिती असलेल्या) फाइलमधून वर आणावी. आयएसओ ३२ पर्यंत खाली जाता येतं, पण ती ओढूनताणून आणलेली किंमत आहे. तिथे उजळ भाग लवकर जळतो, म्हणून शटर फारच लांबवायचं असेल तरच वापरावी.

आता थरथर. हातात धरून फोटो काढताना 'फोकल लेंग्थइतकं शटर' हा जुना नियम इथे पुरत नाही. ८५ मिमीला १/८५ ऐवजी १/२०० पासून सुरुवात करावी, २०० मिमीला १/५०० च्या आसपास. त्यासाठी आयएसओ दोन पायऱ्या वाढवावा लागला तरी चालेल: नॉइज बऱ्यापैकी काढता येतो, हललेला फोटो सावरत नाही.

ट्रायपॉडवर अडचण वेगळी असते. डीएसएलआरमध्ये आरसा वर आपटतो आणि मग शटरचा पडदा सुटतो. या दोन धक्क्यांची थरथर साधारण १/६० ते अर्ध्या सेकंदापर्यंतच्या शटरवर सर्वांत जास्त दिसते, लांब फोकल लेंग्थवर तर हमखास. उपाय कॅमेऱ्यातच आहे. कस्टम सेटिंगच्या 'डी' गटात इलेक्ट्रॉनिक फ्रंट-कर्टन शटर चालू करा आणि रिलीज मोडची चकती मिरर-अप वर ठेवा. पहिल्या दाबाला आरसा वर जातो. दोनतीन सेकंद थांबून दुसऱ्यांदा दाबलं की पडदा न हलता एक्स्पोजर सुरू होतं. अनेक जण मेनूत ही सोय चालू करतात आणि रिलीज मोड नेहमीच्या सिंगलवरच ठेवतात. तिथे ती लागूच होत नाही. ती फक्त मिरर-अप आणि दोन क्वाएट मोडमध्ये चालते. या सोयीत शटर १/२००० च्या पुढे जात नाही, हेही ध्यानात ठेवावं. रिमोट केबल नसेल तर त्याच गटातला एक्स्पोजर डिले ३ सेकंदांवर ठेवून काम भागतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, लेन्सचं व्हीआर (थरथर कमी करणारी सोय) बंद ठेवा, आणि व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी खिटी फिरवून आतला पडदा लावून घ्या. डोळा तिथे नसताना मागून शिरणारा उजेड मीटरला फसवतो.

हात स्थिर असूनही फोटो सॉफ्ट येत असेल तर फोकस तपासायची वेळ आली. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मोजमाप सेन्सरवर होत नाही. आरशाखाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या वेगळ्या मॉड्यूलवर होतं. दोन्ही मार्गांच्या अंतरात केसाएवढा फरक असला तरी फोकस पुढे किंवा मागे पडतो, आणि कमी पिक्सेलमध्ये झाकून गेलेली ती चूक इथे पापणीऐवजी कानावर आलेल्या फोकसच्या रूपाने समोर येते. त्यासाठी एएफ (ऑटोफोकस) फाइन-ट्यून, म्हणजे ही चूक भरून काढायची सोय, आहे, आणि डी८५० ते स्वतःहून मोजू शकतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. ठळक काळ्यापांढऱ्या नक्षीचा सपाट कागद सेन्सरला समांतर लावा, अंतर फोकल लेंग्थच्या ४० ते ५० पट. ५० मिमीला दोन ते अडीच मीटर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस एएफ-एस (एकदा बसला की तिथेच थांबणारा), पॉइंट मधला. लाइव्ह व्ह्यू (आरसा वर ठेवून मागच्या स्क्रीनवर पाहायची पद्धत) चालू करून फोकस करा आणि मोठं करून तो खरंच बसलाय याची खात्री करून घ्या. मग पुढच्या बाजूचं एएफ मोडचं बटण आणि वरचं व्हिडिओ रेकॉर्डचं लाल बटण एकत्र दोन सेकंदांहून थोडं जास्त दाबून धरा, आणि संदेश आला की होकार द्या. शेवटी सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून चालू आहे ना ते बघा, नाहीतर मोजलेली किंमत नुसती साठून राहते. एकदाच मोजून थांबू नका. पाचसहा वेळा केलं की +३, +६, +४ अशा वेगवेगळ्या किमती येतात, मधली घ्या. अधिक किंमत फोकस कॅमेऱ्यापासून दूर नेते, उणे किंमत जवळ आणते. झूम लेन्सला एकच किंमत देता येते, म्हणून ज्या टोकाला ती जास्त वापरता तिथे मोजा.

फोकसचा वेग आणि हलत्या विषयावरची पकड मात्र निर्विवाद आहे. १५३ पॉइंट, त्यातले ९९ क्रॉस प्रकारचे (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे), ही निकॉनच्याच डी५ कॅमेऱ्यातली यंत्रणा. आपल्याला थेट निवडता येतात ते ५५. सगळे पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात एकवटलेले असल्याने कडेला उभ्या माणसावर एफ/१.४ ला फोकस करून कॅमेरा फिरवला की फोकस सरकतो. अशा वेळी लाइव्ह व्ह्यू वापरावा, विषय स्थिर असेल तरच. लाइव्ह व्ह्यूतला फोकस कॉन्ट्रास्टवर चालतो, म्हणजे पुढेमागे शोधत बसतो, व्हिडिओत तर तो श्वास घेतल्यासारखा दिसतो. ४के चित्र सेन्सरच्या पूर्ण रुंदीवरून येतं आणि छान दिसतं, पण फोकस हातानेच करावा.

अ‍ॅपर्चर बारीक करत नेलं की सगळं शार्प होतं, हा समजही सोडावा. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन): एफ/८ ला एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशाचा सेन्सरवरचा ठिपका सुमारे १०.७ मायक्रॉनचा असतो, एफ/१६ ला २१.५, म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेल रुंद. म्हणून निसर्गचित्रांसाठी एफ/५.६ ते एफ/८, अगदी गरजेला एफ/११. फोकसची खोली (पुढून मागे शार्प दिसणारा पट्टा) कमी पडली तर फोकस शिफ्ट वापरा, ही या कॅमेऱ्यातली फार उपयोगी सोय. विषयाच्या सर्वांत जवळच्या टोकाच्या किंचित अलीकडे फोकस करून सुरुवात द्यायची. कॅमेरा स्वतः फोकस पायरीपायरीने मागे नेत जास्तीत जास्त ३०० फोटो काढतो आणि फोकस अनंतापर्यंत पोहोचला की थांबतो. पायरीची रुंदी १ ते १० असते. मॅक्रोला २ ते ४ मध्ये ठेवा. मोठी पायरी घेतली तर जोडलेल्या फोटोत धूसर पट्टे उरतात. फोटो जोडायचं काम मात्र संगणकावरच करावं लागतं.

फायलींचा हिशेब आधीच करून ठेवावा. १४ बिट लॉसलेस कंप्रेस्ड रॉ साधारण ५० एमबीची होते, अनकंप्रेस्ड ९० च्या पुढे जाते आणि चित्रात काडीचाही फरक पडत नाही. हजार फोटो म्हणजे ५० जीबी. १६ बिट टिफ काढली की थर न घालताच २७० एमबी. संगणकात ३२ जीबी रॅम असेल तर काम सुखाचं होतं. कार्डाची एक खाच एक्सक्यूडीची, दुसरी एसडीची. दोन्हींवर एकदम बॅकअप लिहायला लावलं तर वेग हळू कार्डाचा मिळतो, म्हणून एसडी यूएचएस-२ चंच घ्या. नंतरच्या फर्मवेअरने पहिल्या खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्डही चालतं. सेकंदाला ७ फोटोंचा वेग ९ पर्यंत न्यायचा तर नुसती एमबी-डी१८ ग्रिप (खाली जोडायची बॅटरीची पकड) लावून भागत नाही. तिच्यात ईएन-ईएल१८ मालिकेची मोठी बॅटरी लागते, आणि त्यासाठी बीएल-५ झाकण वेगळं घ्यावं लागतं. नेहमीच्या बॅटरीवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे १८४० फोटो निघतात, त्यामुळे ग्रिपविना कुणाचं अडत नाही. बॉडी बॅटरी आणि कार्डासह १००५ ग्रॅम भरते, त्यात ग्रिप म्हणजे मानेला शिक्षाच.

धूळ इथे लवकर दिसते. एफ/२२ लावून, फोकस मुद्दाम हलवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा; काळे ठिपके दिसले तर साफसफाई करावी लागेल. बॅटरी पूर्ण भरून घ्या; ती कमी असेल तर मेनूतला आरसा वर लॉक करायचा पर्याय निवडताच येत नाही. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा, डब्यातली दाबाची हवा कधीही नको. फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका समोरून पाहताना सेन्सरवर खाली डावीकडे असतो, म्हणजे उलटतं ते फक्त वरखाली. ब्लोअरने न हटलेला ठिपका २४ मिमीच्या ओल्या स्वॉबने, एका दिशेने एकदाच पुसावा.

जुनी बॉडी घेणाऱ्यांनी शटरची मोजणी पाहावी, निकॉनने हे शटर २ लाख वेळांसाठी तपासलं आहे. पकडीचं रबर सुटलंय का, दोन्ही खाचा लिहितात का, हे जागेवरच करून पाहा. तोच भिंतीचा फोटो इथेही कामाला येतो: धूळ निघते, सेन्सरवरचा ओरखडा निघत नाही. आपल्या दोनतीन लेन्स सोबत नेऊन फाइन-ट्यून मोजा. एकीला +४ आणि दुसरीला −५ आलं तर ते लेन्सचं आहे, काळजी नको. पण सगळ्यांना एकाच दिशेने १५ च्या पुढे आलं, तर संशय बॉडीवरच घ्यावा: बहुधा आरसा किंवा एएफ मॉड्यूल जागचं हललंय. ती दुरुस्ती मेनूतून होत नाही.