‘उगुन्स’च्या शोधात: ‘तेझाउर्स’ शब्दकोशाचे परीक्षण

लाटव्हिया विद्यापीठाच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेचा ‘तेझाउर्स’ हा विनामूल्य ऑनलाइन शब्दकोश किती उपयुक्त आहे, हे ‘उगुन्स’, म्हणजे आग, या रोजच्या वापरातील लाटव्हियन नामाचा शोध घेताना विशेष जाणवते. चुलीतील जाळ, दिव्याचा उजेड, बंदुकांचा मारा आणि मनातील धग असे अर्थ हे एकच स्त्रीलिंगी नाम पेलते, आणि त्याची विभक्तिरूपेही कोशात तक्त्यात मांडलेली आहेत. मला सर्वाधिक भावले ते जोडशब्द. २३ जूनच्या रात्री लाटव्हियात ठिकठिकाणी पेटणारी शेकोटी ‘उगुन्सकुर्स’ ठरते, तर घरेदारे भस्मसात करणाऱ्या आगीला ‘उगुन्सग्रेक्स’ म्हणतात. त्यातील ‘ग्रेक्स’ म्हणजे चक्क पाप!

व्युत्पत्तीसाठी मात्र कॉन्स्टंटीन्स कारुलिस यांचा १९९२ मधील द्विखंडी कोश सोबत ठेवावा. लिथुआनियन ‘उग्निस’, लॅटिन ‘इग्निस’ आणि संस्कृत ‘अग्नि’ ही ‘उगुन्स’ची सख्खी भावंडे आहेत. ‘तेझाउर्स’मधील अर्थविवरण लाटव्हियन भाषेतच असल्याने नवशिक्याला द्वैभाषिक कोशाचा आधार लागेल, थोडीफार भाषा येणाऱ्याने मात्र ‘तेझाउर्स’ निःशंकपणे वापरावा.