लिनक्सचे 'लायसन्स' आणि माझे २१,६९९ रुपये

लॅपटॉपचे १६,५०० रुपये, 'लिनक्स लायसन्स'चे २,४९९ रुपये, 'वार्षिक अपडेट व अँटिव्हायरस'चे १,८०० रुपये आणि 'ड्रायव्हर पॅक'चे ९०० रुपये, असे एकूण २१,६९९ रुपये कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका दुकानदाराने माझ्याकडून घेतले. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. या चार रकमांपैकी शेवटच्या तीन ज्या गोष्टींसाठी घेतल्या, त्या जगभर फुकट मिळतात. पहिल्या रकमेत जे यंत्र विकले, ते सांगितलेले यंत्रच नव्हते. जुने लॅपटॉप नवे म्हणून खपवण्याचे प्रकार सर्वांना माहीत आहेत. अशा फसवणुकीसाठी आता लिनक्सचा आडोसा घेतला जात आहे, हे अनेकांना माहीत नसावे, म्हणून लिहितो.

मुलीचा संगणक पदविकेचा प्रवेश झाला, तेव्हा घरात संगणक नव्हता. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. नवा चांगला लॅपटॉप घेण्याइतकी रक्कम हाताशी नव्हती. तिच्या शिक्षकांनीच सुचवले की कमी ताकदीचा, वापरलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकले, तरी पहिल्या वर्षाचे काम निभेल. हा सल्ला योग्यच होता आणि आजही त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुकानदाराने मात्र त्याच सल्ल्याचा धागा पकडला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला, ही खरी गोष्ट आहे. त्या एका खऱ्या गोष्टीवर त्याने "आता जुन्या मशीनला लिनक्सशिवाय पर्याय न्हाई, आणि चांगलं लिनक्स फुकट न्हाई" असे खोटे रचले.

लिनक्स फुकट असते हे मला शिक्षकांकडून कळले होते, आणि मी तसे त्याला स्पष्ट विचारलेही. त्यावर त्याने रेड हॅट कंपनीचे उदाहरण दिले. रेड हॅट वार्षिक वर्गणी घेते, हे खरे आहे. ती वर्गणी प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठी, आधार आणि सेवेसाठी असते. पण माझ्यासमोरच्या पडद्यावर होते ते लिनक्स मिंट, आणि त्याला कोणतेही लायसन्स शुल्क नाही. ज्या जीपीएल परवान्याखाली लिनक्सचे मूळ अंग, म्हणजे कर्नल, वितरित होते, त्यात प्रती विकण्यास मनाई नाही, म्हणून एखाद्याने 'बसवून देण्याचे ५०० रुपये' घेतले असते तर मी आनंदाने दिले असते. एका वर्षाचा 'वापराचा हक्क' विकणे मात्र शुद्ध लबाडी आहे, कारण तो हक्क प्रत्येकाला आधीच मिळालेला असतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने विनामूल्य मिळणार आहेत. ज्या पावतीवर लिनक्सचे 'रिन्यूअल' लिहिलेले दिसेल, ती पावती हातात घेण्याआधीच दुकानातून बाहेर पडा.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की आजही माझी झोप उडते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक सुबक चौकट होती: 'कोर आय३, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी'. तळहात टेकतो त्या जागेवर आय३ चे चकचकीत स्टिकरही होते. मुलीने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिंटचा पेनड्राइव्ह तयार करून आणला होता, आणि त्यावरून लॅपटॉप एकदा सुरू करून बघू, एवढेच तिचे म्हणणे होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले की आतल्या डिस्कला हात न लावता यंत्राचे खरे अंतरंग समोर येते. काउंटरवरचा पोरगा चटकन म्हणाला, "काका, बाहेरचा पेनड्राइव्ह लावला की लायसन्स उडतंय. म्हणून तर बायोसला पासवर्ड टाकलाय." मालकाने मान हलवून दुजोरा दिला. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम; यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होऊ द्यायचे की नाही, हे तिथेच ठरते. पासवर्ड मागितला, तर "वर्षानं रिन्यूअलला या, तवा बघू" असे उत्तर मिळाले. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, असं नसतंय." मी तिला थांबवले. समोर दोन माणसे छातीठोकपणे एकच गोष्ट सांगत असताना, चार गिऱ्हाइकांच्या देखत, सतरा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर दुकानदाराला खोटे ठरवणारा बाप मला तरी कोल्हापुरात दाखवावा. शिवाय फाउंड्रीत येणारे प्रत्येक पोते मी काट्यावर घालूनच आत घेतो. तपासणी म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. पण इथे काटाच विकणाऱ्याने कुलूपबंद करून ठेवला होता. आपणच पैसे मोजून घेत असलेल्या यंत्राच्या बायोसचा पासवर्ड विकणारा स्वतःकडे ठेवत असेल, तर त्याला काहीतरी लपवायचे आहे.

घरी आणल्यावर ब्राउझरमध्ये तिसरे पान उघडले की लॅपटॉप गोठत असे. दुकानदाराचे फोनवरचे म्हणणे एकच: "लिनक्स असंच असतंय, सवय हुईल." शेवटी मंगळवार पेठेतील आमच्याच गल्लीतला, अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा घरी आला. त्याने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा दिली. उत्तर आले, आय३ नव्हे, सेलेरॉन एन३३५०. हा २०१६ सालचा, दोनच गाभ्यांचा, १.१ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा प्रोसेसर आहे. 'फ्री -एच' (free -h) या आज्ञेने रॅम ३.७ दाखवली, म्हणजे ४ जीबी. 'एलएसबीएलके'ने (lsblk) साठवणुकीचे नाव 'एमएमसीबीएलके०' (mmcblk0) आणि आकार ५८.२ दाखवला, म्हणजे एसएसडी नव्हे, तर ६४ जीबीची, तिच्यापेक्षा संथ अशी ईएमएमसी चिप. एसएसडी असती तर तिथे 'एसडीए' (sda) किंवा 'एनव्हीएमई'ने (nvme) सुरू होणारे नाव दिसले असते. रॅम आणि ती चिप दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेल्या आहेत, त्यामुळे बदलताही येत नाहीत. आणि पडद्यावरची ती सुबक चौकट? ती काँकी नावाच्या फुकट प्रोग्रामची होती. हा प्रोग्राम एरवी यंत्राची खरी माहिती दाखवतो. आमच्या फाइलमध्ये मात्र 'कोर आय३, ८ जीबी' ही अक्षरे हाताने टंकलेली होती. या तिन्ही आज्ञांना पासवर्ड लागत नाही. दुकानात टर्मिनल उघडायला सांगा. तो उघडू देत नसेल तर खिशातले पैसे खिशातच ठेवा.

अपडेट करायला गेलो तर आम्हाला दिलेल्या खात्याला प्रशासकाचे अधिकारच नव्हते. तो पासवर्डही त्याच्याकडेच. म्हणजे १,८०० रुपये घेऊन त्याने अपडेटची सोय केली नव्हती, उलट फुकट मिळणारी अद्यतने अडवून धरली होती.

दुकानात गेलो, तेव्हा त्याने ४,००० रुपयांत तोच लॅपटॉप 'परत घेण्याची' तयारी दाखवली. गल्लीतील तालमीची पोरे "चला काका, बघूया त्याला" म्हणून तयार होती. मी त्यांना आवरले, कारण मी नोकरदार माणूस आहे आणि कायद्याच्या मार्गाने न्याय मिळतो, असे मला त्या दिवसापर्यंत वाटत होते.

पोलीस ठाण्यात बसलेल्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, "लॅपटॉप चालू हाय न्हवं? मग फसवणूक कसली?" मी आज्ञांचे छापील निकाल पुढे ठेवले, तर ते न बघता बाजूला सारून त्यांनी सांगितले की ही दिवाणी बाब आहे, आणि तक्रार द्यायचीच असेल तर 'लिनक्स कंपनीचे पत्र' आणा. लिनक्स नावाची कंपनी नाही. १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी सुरू केलेले ते काम आज जगभरातील हजारो लोक मिळून करतात, हे मी समजावून सांगितले. त्यावर "मग मालक कोण, त्याला घेऊन या" असे उत्तर मिळाले. सुशिक्षित माणसाने पुराव्यासह दिलेला अर्ज समजून घेण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत, पोच द्यायची नाही, आणि वर त्यालाच मूर्ख ठरवायचे, ही कोणती सेवा? कराच्या कार्यालयात तर आणखी वेगळा अनुभव. माझ्याकडील कागदावर 'एस्टिमेट' छापलेले आहे आणि जीएसटी क्रमांक नाही. दुकानदाराने पक्क्या बिलासाठी १८ टक्के, म्हणजे २,९७० रुपये जादा मागितले होते आणि पगारदार माणसाला ते वाचवावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. तिथल्या कारकुनाने सांगितले, "हे बिलच नाही, त्यामुळे आमच्याकडे तक्रार होत नाही." बिल न देणाऱ्याबद्दलची तक्रार, बिल नाही म्हणून घ्यायची नाही! मग ती कोणी घ्यायची? या टेबलावरून त्या टेबलावर पाठवले गेले, प्रत्येकाने कागद उलटून पाहिला, आणि एकानेही तो दुकानदार आजही तेच विकत आहे का, हे विचारले नाही.

नंतर एका वकिलांकडून जे कळले, ते त्या कारकुनाला माहीत असायला हवे होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, तर नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. स्पीड पोस्टनेच पाठवा; हाती दिलेल्या अर्जाचा मागमूस राहत नाही. पैसे देताना दुकानाच्या खात्यावरच द्या. माझे १५,००० रुपये यूपीआयने कोणा व्यक्तीच्या खात्यावर गेले आणि ६,६९९ रोख; दुकानदार आता ती व्यक्ती आपली कोणी नव्हे म्हणतो.

मुलगी तोच लॅपटॉप वापरते आहे. गल्लीतल्या त्या मुलाने रिकव्हरी मोडमधून प्रशासकाचा पासवर्ड बदलला, दुकानदाराने टाकलेले जड सिनॅमन डेस्कटॉप काढून हलका एक्सएफसीई डेस्कटॉप बसवला आणि झेडरॅम ही सोय सुरू केली. त्यामुळे रॅममधील मजकूर दाबून ठेवला जातो आणि रॅम भरल्यावर तो चिपवर उतरवण्याचा, म्हणजे स्वॅपचा, भार फारसा पडत नाही. आता ती प्रोग्रामिंग आणि टंकलेखन बिनधोक करते. ब्राउझरची पाने दोन-तीनच ठेवावी लागतात. एवढेच यंत्र हवे असते, तर त्याची खरी किंमत सांगून ते मला विकता आले असते. बायोसचा पासवर्ड अजूनही निघालेला नाही.

जिल्हा आयोगातील माझी तक्रार दाखल झाली आहे. ज्यांच्याकडे अशीच 'लिनक्स लायसन्स' लिहिलेली एस्टिमेटची पावती असेल, त्यांनी ती जपून ठेवावी, तिन्ही आज्ञांच्या निकालाचे फोटो काढावेत आणि स्वतःची स्वतंत्र तक्रार करावी.